म्हैस पाय आपटते, कुत्र्याचे कान रक्ताळलेत

प्रश्न : आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, वसमत तालुक्यात आहे. दोन म्हशी, एक लाल कंधारी गाय, तिची कारवड आणि बैलजोडी. श्रावण लागल्यापासून म्हशी सुखानं धार काढू देत नाहीत. सारख्या पाय आपटतात, शेपटीचे फटके तोंडावर बसतात, परवा भरली बादली लाथाडली. एक म्हैस पान्हाच चोरते. दोन्ही वेळचं मिळून दीड लिटर दूध उतरलं. पायांवर माशा असतात, दिसायला साध्याच, पण सकाळी धारेला बसलं की माझ्याही घोट्याला सुई टोचल्यासारखं चावतात. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मुलगा म्हणतो, कापसावर मारायचं औषध उरलंय, पंपात घालून म्हशींवर मारतो, एका दिवसात माशी संपते. पलीकडच्या गावात लंपी आल्याचं ऐकतो. ही माशी लंपी आणते का? आणि आखाड्यावरच्या कुत्र्याच्या कानांची टोकं रक्ताळलीत, त्यावर काय लावावं?
— एक शेतकरी भगिनी, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : ताई, बाकीचं नंतर बोलू. आधी मुलाच्या पाठीवरचा पंप खाली ठेवायला लावा.

कापसावर मारायची बरीच औषधं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे, कातडीतून अंगात मुरतात. शिवाय जनावर अंग चाटतं, म्हणजे तोंडावाटेही विष जातं. नोकरीत असताना मला एकदा रात्री अकराला एका वस्तीवर बोलावलं होतं. संध्याकाळी मालकानं गोचिडासाठी बैलजोडीवर असंच उरलेलं औषध मारलं होतं. गेलो तेव्हा दोन्ही बैलांच्या तोंडाला लाळेची धार, अंगभर थरथर, पातळ शेण, बाहुल्या बारीक झालेल्या. या विषावरच्या उताऱ्याची, अॅट्रोपिनची इंजेक्शनं देत पहाटेपर्यंत बसलो. एक वाचला. मालक म्हणत राहिला, ‘पण गोचीड मेले हो डॉक्टर.’ तेव्हा ते औषध कपाशीलाच राहू द्या. ते मारलेल्या म्हशीचं दूध घरात नातवंडं पितात, तेही त्याला सांगा.

आता माशीकडे येतो. तुमचं पत्र वाचताना मला गोमाशी वाटत होती, घोडमाशी वाटत होती, साधी घरमाशीही वाटत होती. शेवटी तुम्ही कुत्र्याच्या कानांचं लिहिलंत आणि प्रश्न मिटला. जनावरांच्या गुडघ्याखाली, माणसाच्या घोट्याला आणि कुत्र्याच्या कानाच्या टोकाला, तेही दिवसाउजेडी चावणारी ती गोठ्यातली चावरी माशी. पुस्तकात तिला स्टोमॉक्सिस म्हणतात, काही जण तबेला माशी म्हणतात. घोडमाशी तिच्यापेक्षा चांगलीच मोठी असते, ती बसली की जनावर उधळतंच.

खात्री करायची तर सकाळी उन्हं आल्यावर म्हशीच्या पायावरची एक माशी काचेच्या ग्लासात पकडा. घरमाशीएवढीच, राखाडी, पाठीवर पट्टे. पण तिचं तोंड बघा. घरमाशीच्या तोंडाला खाली मऊ बोळा असतो, त्यानं ती चाटते, तिला चावता येतच नाही. हिच्या डोक्याखालून मात्र काळी, ताठ सोंड पुढं आलेली दिसेल, दाभणाच्या टोकासारखी. पोटावर काळे ठिपके असतात. रक्त प्यायलेली असेल तर पोट फुगून लालसर दिसतं. ती भिंतीवर बसली की बहुतेक वेळा डोकं वर करून बसते. डासाची फक्त मादी रक्त पिते, या माशीत नर-मादी दोघंही पितात. म्हणून दहा माशा दिसल्या तर दहाही चावणाऱ्याच धरायच्या.

म्हैस पाय का आपटते, हे एकदा लक्षात घेतलं की तिचा राग येत नाही. घोट्याजवळ कातडी पातळ, खाली हाड, आणि शेपूट तिथवर पोचत नाही. माशीला बरोबर तीच जागा हवी असते. पोट भरायला तिला दोन ते पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ ती सोंड खुपसून बसते. पान्ह्याचंही कारण हेच. दुखलं, भ्यालं की जनावराच्या रक्तात जो रस सुटतो, तो पान्हा सोडणाऱ्या रसाला अडवतो. म्हैस दूध लपवत नाही, तिला ते सोडताच येत नाही. इथं कुणी तरी तुम्हाला पान्ह्याचं इंजेक्शन सुचवेल. घेऊ नका, दुखणं पायात आहे.

माशी किती झाली म्हणजे जास्त, याचा एक सोपा हिशेब आहे. ऊन वर आलं की चार-पाच जनावरांचे पुढचे पाय लांबून, त्यांना न हलवता, मोजा. एका पायावर सरासरी पाच माशा दिसल्या तर नुकसान सुरू झालं असं समजतात. तुमच्या म्हशी बादली लाथाडतात म्हणजे आकडा याच्या वर असणार. तरी मोजून वहीत लिहा, पुढं उपयोगी पडेल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही माशी म्हशीच्या अंगावर शोधताय, पण तिथं ती दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, काही मिनिटांपुरती जेवायला येते. बाकी सगळा दिवस ती उन्हाच्या भिंतीवर, दावणीच्या खुंट्यांवर, कुंपणावर बसून रक्त पचवते. आणि जन्मते तिसरीकडेच. तुमच्या मुलानं उद्या म्हशींवर काहीही मारलं, तर त्या वेळी पायावर असलेल्या माशा मरतील, भिंतीवरच्या वाचतील, आणि पुढच्या आठवड्यात नवीन येतील, कारण त्यांचा कारखाना चालूच आहे.

हा कारखाना बघायचा असेल तर एक काडी घ्या आणि गव्हाणीच्या मागच्या बाजूला जा. जनावरं वाढं आणि कडबा खातात, बुडखे आणि चगाळ, म्हणजे न खाल्लेला चारा, खाली टाकतात. त्यावर मूत पडतं, थोडं शेण मिसळतं, पावसाचं पाणी लागतं, वर पेंडीचा चुरा. वरून थर वाळलेला दिसतो. तो काडीनं उकरा. दोन-तीन बोटं खाली ओलसर, कोमट, आंबूस वासाचं असेल, आणि त्यात पिवळट पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. त्याहून जरा कोरड्या कडेला गव्हाच्या दाण्यापेक्षा बारीक, तपकिरी, टणक कोश सापडतील. ते उद्या-परवाच्या माशा. लोक उगाच ताज्या शेणाच्या पोवट्याला दोष देतात. या माशीला निव्वळ शेण फारसं आवडत नाही. तिला काडीकचरा, शेण आणि मूत एकत्र कुजलेलं हवं असतं.

तेवढीच एक जागा नसते. कडब्याच्या गंजीचा तळ पावसात भिजून काळा पडलेला असेल तर तिथं. मुरघासाची पिशवी फोडल्यावर कडेला सांडलेलं असतं तिथं. उकंड्याच्या कडांना, जिथं तो ओला आणि भुसभुशीत असतो. भिजलेल्या सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग, पाण्याच्या हौदाभोवतीचा चिखल आणि त्यात तुडवलेलं गवत. तुमचा भाग उसाचा, म्हणून सांगतो, ब्राझीलमध्ये ऊसपट्ट्यात साखर-अल्कोहोल कारखान्यांचं सांडपाणी शेतातल्या पाचटावर सोडलं जातं, आणि ते ओलं पाचट या माशीचं मोठं पैदास ठिकाण झालं. आजूबाजूच्या गोठ्यांवर माशांच्या झुंडी आल्या. माशीला देश-परदेश कळत नाही, ओलं पाचट कळतं.

अंड्यापासून उडती माशी व्हायला आपल्याकडच्या पावसाळी उबेत दोन ते तीन आठवडे लागतात. एक मादी आयुष्यात शेकड्यांनी अंडी घालते. म्हणून साफसफाईचा दिवस ठरवायचा तो आठवड्याचा. दर सोमवारी म्हणा, बाजाराच्या दिवशी म्हणा, गव्हाणीमागचं, हौदाजवळचं, गंजीच्या बुडाचं सगळं ओलं चगाळ खरडून काढायचं. आठवडा चुकला नाही तर अळीला माशी व्हायला वेळच मिळत नाही. महिनाभर साचवून एकदम साफ केलंत तर मधल्या काळात एक पिढी उडून गेलेली असते, मेहनत तेवढीच आणि गुण शून्य.

काढलेलं टाकायचं कुठं? गोठ्यामागं परत ढीग केलात तर माशीला फक्त घर बदलून दिलंत. उघडीप असेल तर शेतात पातळ पसरा, एक-दोन उन्हांत वाळलं की अळ्या मरतात. पाऊस चालू असेल तर गोठ्यापासून लांब ढीग रचा, चांगला दाबा आणि वरून काळा प्लास्टिक कागद घालून कडा मातीनं बंद करा. आत शेणखत तापतं, त्या उष्णतेत अळी टिकत नाही. कडा उघड्या राहिल्या तर मात्र अळ्या थंड कडेला येऊन बसतात, म्हणून माती घालायची. आखाड्यावर गावठी कोंबड्या असतील तर ढीग झाकण्याआधी त्यांना तासभर सोडा. अळ्या-कोश वेचायचं काम त्या आपल्यापेक्षा मन लावून करतात. मूत साचू नये म्हणून जमिनीला उतार आणि एक चर पुरे, सिमेंट पाहिजेच असं नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली त्यात म्हशीचं काही बिघडलं नाही, त्यांना बोलू नका. उलट त्यांनाच विचारा, त्यांच्या उमेदीत गोठ्यामागं असा ओला ढीग राहायचा का. गोवऱ्या थापायच्या असायच्या, शेण रोज पहाटे उचललं जायचं आणि उन्हात वाळायचं. चुलीला चगाळही जाळायला लागायचं. आता गॅस आला, बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, चांगलं झालं. पण शेण-चगाळ उचलायचं कारण संपलं आणि ढीग गोठ्याशी येऊन बसला.

सफाईचा गुण दिसायला तीन आठवडे लागतील, कारण आज जे कोश आहेत त्यांतून माशा निघणारच. तोवर जनावरांना आराम कसा द्यायचा, ते सांगतो. धारेच्या वेळी म्हशीच्या पायांकडे तोंड करून पंखा लावा. या माशीला जोराच्या वाऱ्यात नीट बसता येत नाही. वीज त्या वेळी असेल असं गृहीत धरून सांगतोय. धार काढायच्या आधी गुडघ्यापासून खुरापर्यंत कडुनिंबाचं तेल खाण्याच्या तेलात मिसळून हलक्या हातानं लावा, काही तास फरक पडतो. सडाला लावू नका, दुधाला वास येतो. धूर करता तो करा, पण गोठा कोंडून नको. धुरानं माशी मरत नाही, थोडा वेळ बाजूला होते, आणि कोंडलेल्या धुरात वासरं खोकायला लागतात. जळकं ऑइल किंवा डिझेल मात्र कुणीही सांगितलं तरी चोळू नका, कातडी भाजते.

कापसात तुम्ही निळे-पिवळे चिकट सापळे लावत असाल. या माशीला निळा रंग ओढतो, परदेशात तिच्यासाठी निळ्या-काळ्या कापडाचे सापळेच शिवतात. जुना निळा पत्रा किंवा फळी घ्या, चिकट लेप लावा आणि गोठ्याबाहेर उन्हाच्या बाजूला, जनावराची जीभ पोचणार नाही अशा ठिकाणी, गुडघाभर उंचीवर ठेवा. ही माशी जमिनीलगत उडते, छपराला टांगलेला सापळा वाया जातो. सापळ्यानं माशी संपणार नाही. पण आठवड्याला किती अडकल्या ते बघितलं की सफाईचा गुण कळतो, आणि मुलाच्या हाताला पंपाऐवजी दुसरं काम मिळतं.

फवारणी करायचीच झाली तर जनावरांच्या डॉक्टरांकडून जनावरांसाठीचंच औषध घ्या. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन गटातली असतात. प्रमाण बाटलीवरच्या चिठ्ठीप्रमाणे, अंदाजानं नाही. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा. मुख्य फवारा जनावरं बाहेर बांधून भिंतींवर, खांबांवर, खुंट्यांवर द्या, कारण माशी तिथं बसलेली असते. वैरण, पेंड, पाणी झाकून ठेवा. अंगावर मारायला डॉक्टरांनी सांगितलं तर पाय आणि पोटाखालची बाजू भिजली पाहिजे. पाठीवर ओतायची औषधं गोचिडाला बरी, पण घोट्यावर चावणाऱ्या माशीपर्यंत ती पुरेशी पोचत नाहीत. जंत-गोचिडावरचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दे म्हणून लोक आग्रह धरतात. या माशीवर त्याचा फारसा उपयोग नाही आणि दुभत्या जनावराला तर ते नकोच.

तुमच्या खऱ्या भीतीचं, म्हणजे लंपीचं. हो, ही माशी लंपी एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेऊ शकते. डास आणि गोचीडही नेऊ शकतात. कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे काय करायचं ते आपोआप कळेल. माशी आजारी जनावराच्या पायावर बसते, अर्धं पोट भरतं, तेवढ्यात जनावर पाय आपटतं. ती उठते आणि उरलेलं जेवण शेजारच्या जनावरावर पूर्ण करते. सोंड अजून ओली असते. डॉक्टरच्या एकाच सुईनं सगळी दावण टोचावी, तसं हे झालं. (तसं कुणी टोचत असेल तर त्यालाही अडवा. प्रत्येक जनावराला नवी सुई मागायला लाजू नका.) म्हणून जनावरं दावणीला जितकी खेटून, तितका धोका जास्त.

लंपी भारतात पहिल्यांदा 2019 साली ओडिशात नोंदला गेला आणि 2022 च्या पावसाळ्यात आपल्या राज्यात पसरला, तेव्हा जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, आठवत असेल. म्हशीला तो कमी होतो. तुम्ही काळजी करायची ती गायीची, बैलांची आणि सगळ्यांत जास्त कारवडीची. यंदाची लस दिली नसेल तर आजच दवाखान्यात सांगा. जनावर निरोगी असतानाच लस द्यायची, आणि ती अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून गाठी दिसायची वाट बघू नका. ताप, पुढच्या पायांना सूज, अंगावर टणक गाठी यांतलं काही दिसलं तर ते जनावर वेगळं बांधा, त्याभोवती मच्छरदाणी किंवा बारीक जाळी लावा आणि 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. माणसाला लंपी होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही.

लंपीच्या गोंगाटात लोक सर्रा विसरतात. हा रक्तातल्या सूक्ष्म जंतूचा आजार, घोडमाशी आणि ही चावरी माशी तो पसरवतात. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स या इंग्रजी फौजेतल्या पशुवैद्यानं डेरा इस्माईल खान इथं घोड्या-उंटांच्या रक्तात तो जंतू शोधला. गाई-म्हशींत तो पुष्कळदा दबून असतो. मग ताप येतो-जातो, जनावर खंगतं, डोळ्यांच्या आतली लाली जाते, गाभण असेल तर गाभडतं. कधी एकदम उचल खातो. जनावर गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, दात खातं. गावात याला वारं लागलं, बाहेरचं झालं म्हणतात आणि दोन दिवस भगताकडे जातात. त्या दोन दिवसांत औषधाची वेळ निघून जाते. ताप चढलेला असताना रक्ताचा नमुना घेतला तर जंतू सापडायची शक्यता जास्त. तालुक्याच्या दवाखान्यात न जमल्यास परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासून मिळतो. माणसाला हा जंतू सहसा होत नाही, कारण आपल्या रक्तातच त्याला मारणारं एक प्रथिन असतं. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला तो झाला होता, त्याच्या रक्तात नेमकं तेच प्रथिन काम करत नव्हतं. तो बरा झाला. हे घाबरवायला सांगत नाही, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून.

गोचीडतापाचा आणि या माशीचा संबंध नाही. तो गोचिडामुळे येतो, त्याचा बंदोबस्त वेगळा.

शेजारच्या आखाड्यावर ढीग असेल तर काय, हेही तुमच्या मनात आलं असेल. माशी बांध ओळखत नाही, कधी कोस-दोन कोसही उडून येते. पण गोठ्यातल्या बहुतेक माशा जवळपासच जन्मलेल्या असतात. आधी आपली गव्हाण साफ करा, मग तीन आठवड्यांनी वहीतले आकडे घेऊन शेजाऱ्याकडे जा. नुसतं ‘तुमच्यामुळं माशी येते’ म्हणून गेलात तर बांधाचं जुनं भांडण निघेल.

पोळा जवळ आलाय. खांदेमळणीच्या दिवशी बैलांचे खांदे लोण्यानं चोळताना खाली वाकून त्यांचे घोटेही बघा. बारीक पुळ्या, रक्ताचे सुकलेले ठिपके दिसले तर कोमट पाण्यात मीठ घालून धुवा आणि कोरडे करा. रंग घोट्यांना लावू नका, उघड्या जखमेत जातो.

आणि कुत्रा. कानांची टोकं रोज कोमट पाण्यानं भिजवून खपली मऊ करून काढा, डॉक्टरांकडून माशी बसू न देणारं जखमेचं मलम आणा आणि दिवसातून दोनदा लावा. जखमेत अळ्या दिसल्या तर घरी रॉकेल घालू नका, दवाखान्यात न्या. दिवसा त्याला गोठ्याच्या दारात बांधता ना? तिथून काढून पिंपळाखाली, वाऱ्यावर बांधा. कान आठवड्यात भरून येतील.